मॉनिटरची वही

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेत निवडणूक होते, शालेय मंत्रिमंडळाची. अलीकडे आम्ही ती मोबाईलवरच्या मतदान ॲपवर घेतो. उमेदवाराच्या नावासमोरचं बटण दाबलं की खऱ्या यंत्रासारखा लांब आवाज येतो आणि बाहेर पडताना डाव्या हाताच्या बोटावर मार्करची रेघ ओढली जाते. लहान वर्गातली मुलं ती रेघ अम्मीला दाखवायला जपून घरी नेतात. वुजू करतानाही ते बोट सांभाळतात. संध्याकाळी निकाल लागतो. मुख्यमंत्री, शिस्तमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, शिवाय प्रत्येक वर्गाला दोन मॉनिटर, एक मुलगा आणि एक मुलगी. दुसऱ्या दिवशी परिपाठाला उर्दूत आणि मराठीत शपथ होते, मुख्याध्यापक छातीवर बिल्ले लावतात, टाळ्या पडतात, फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात. मग घंटा होते आणि सगळे आपापल्या वर्गात जाऊन बसतात.

तुमच्या मुलांच्या शाळेतही थोड्याफार फरकाने असंच होत असेल. आणि पुढेही असंच होत असेल की त्या बिल्ल्याची आठवण आम्हा शिक्षकांना फक्त एकदाच येते, वर्ग सोडून कार्यालयात जायचं असतं तेव्हा. "मॉनिटर, जरा बघ रे वर्गाकडे."

यंदा शपथ झाल्यावर मी नववीच्या नव्या मॉनिटरला जिन्यात थांबवलं आणि विचारलं, "काम क्या है रे तेरा?"

त्याने एका दमात सांगितलं, "टीचर, जो बातां करे उसका नाम लिखना."

उत्तर चुकीचं म्हणावं तर ते आम्हीच शिकवलेलं. चौथी-पाचवीपासून त्याने मॉनिटरला हेच करताना पाहिलंय. त्याला मी रागावले नाही. एवढंच सांगितलं की शनिवारी शाळा सुटल्यावर थांब. या शनिवारांची गोष्ट सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे, पण त्याआधी एका वहीची गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला मला आजही जड जातं.

मी हर्सूलमधल्या एका उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. करून वीसेक वर्षं झाली. बी.एड.च्या वर्षात पाठटाचणं काढली, फलकलेखन केलं, मूल्यमापनाचे प्रकार पाठ केले. मॉनिटरला काय सांगायचं असतं हे कुणी शिकवल्याचं मात्र आठवत नाही. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

साधारण आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे आठवीचा वर्ग होता. ७२ मुलं, तिघांच्या बाकावर चौघं. एका उंच, दमदार आवाजाच्या मुलाला मी मॉनिटर केलं. तेव्हा निवडणूक वगैरे नव्हती, मीच नेमलं. माझा निकष एकच होता, मुलं त्याला घाबरली पाहिजेत. त्याच्या हातात शंभर पानी वही दिली आणि म्हणाले, मी नसताना जो बोलेल त्याचं नाव लिही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्ग इतका शांत झाला की शेजारच्या वर्गावरचे सर विचारायला लागले, मॅडम, काय जादू केली? मी खूश होते.

मग एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर टी पॉइंटजवळ मारामारी झाली. एका मुलाचा ओठ फुटला, मॉनिटरचा शर्ट फाटला. दुसऱ्या दिवशी मी ती वही मागवली. तोपर्यंत मी ती कधी वाचलीच नव्हती. त्या दिवशीची नावं बघायची, मुलांना उभं करायचं, संपलं. आता पहिल्या पानापासून वाचली. काही नावं रोजची होती. काही लिहून खोडलेली होती, आणि खोडण्याचा भाव ठरलेला होता हे नंतर मुलांकडून कळलं. एक पेन, चण्याची पुडी, गणिताचा गृहपाठ. मॉनिटरच्या चार दोस्तांची नावं अख्ख्या वहीत एकदाही नव्हती. ज्याचा ओठ फुटला होता त्याचं नाव ३१ वेळा होतं. तो मुलगा तोतरा बोलायचा, म्हणून वर्गात तो सहसा तोंडच उघडत नसे.

३१ वेळा मी त्याला उभं केलं होतं.

त्या दिवशी मी मॉनिटरला सगळ्या वर्गासमोर बोलावलं, बिल्ला काढून घेतला आणि खूप बोलले. अमानत, बेईमानी, भरोसा, जेवढे मोठे शब्द येत होते तेवढे वापरले. तो शाळेत यायचा बंद झाला. चौथ्या दिवशी त्याचे अब्बा आले. जटवाडा रोडला एका गॅरेजमध्ये काम करायचे, हाताला ग्रीस तसंच होतं. मला वाटलं, भांडायला आलेत. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, गलती उसकीच है, मैं मानता. लेकिन हमारे गॅरेज में नया लडका आया तो पैले छे महिने पाना पकडना सिखाते. आपने उसको क्या सिखाया था?"

मी काय शिकवलं होतं? एक वही दिली होती.

मुलगा नंतर परत आला, दहावीही झाला, पण त्याच्या अब्बांचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. हा मॉनिटर नावाचा प्रकार शाळेत आला कुठून, इथून मी वाचायला सुरुवात केली. शब्द इंग्रजांचा आहे हे माहीत होतं. पण त्याची एक मोठी मुळी आपल्याच देशात निघाली. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना त्याला दिसली. त्याला ते आवडलं, पण त्याच्या आश्रमातले मोठे शिक्षक असलं काही करायला तयार होईनात. तेव्हा त्याने आठेक वर्षांच्या एका मुलाला लहान मुलांसमोर बसवलं आणि अक्षरं शिकवायला लावली. ते जमलं. १७९७ मध्ये बेलने यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे इंग्लंडात ही रीत मद्रासच्याच नावाने ओळखली गेली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरनेही गरीब मुलांच्या शाळेत असाच प्रयोग केला. एक शिक्षक, शेकडो मुलं आणि मधे मॉनिटर.

म्हणजे मॉनिटर हा मुळात शिकवणारा मुलगा. आपल्या जुन्या मक्तबांतही हे होतंच. पुढे गेलेला विद्यार्थी मागच्यांचा सबक ऐकायचा, त्याला खलीफा म्हणत. मध्ययुगातल्या मोठ्या मदरशांत 'मुईद' असायचा, म्हणजे पुन्हा सांगणारा. उस्तादांचा धडा झाला की ज्यांना समजला नाही त्यांच्यासाठी तो परत समजावून द्यायचा. पंतोजींच्या शाळेतही थोरली मुलं धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरं घोटून घेत. यात नाव लिहिणारा कुणीच नाही.

मग तो आला कुठून? इंग्लंडमधल्या रग्बीच्या शाळेत १८२८ पासून १८४२ पर्यंत थॉमस अर्नोल्ड हेडमास्तर होते. त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती शाळेच्या शिस्तीचा कारभार दिला, खालच्यांना शिक्षा करायच्या हक्कासकट. अर्नोल्ड या मुलांशी स्वतः खूप बोलत, त्यांना घडवायची धडपड करत. पण त्यांच्या नकला करणाऱ्या शाळांनी बऱ्याचदा फक्त हक्क उचलला आणि घडवणं मागे राहिलं. आमच्या शाळेतली शंभर पानी वही त्याच खानदानातली आहे असं मला वाटतं.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आपल्या शेजारी खानदेशात, अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलं अंथरूण तशीच टाकून शाळेत जायची, तर गुरुजी स्वतः ती घडी करून ठेवत, खोल्या झाडत. मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत. पुढे मुलांनाच लाज वाटली आणि ती आपापलं आवरू लागली. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत आणि बोर्डिंगची कामं स्वतः करत. बोर्डिंगच्या मुलाला जबाबदारी समजावून द्यायला भाषण लागत नसणार. भाकरी करपली तर सगळेच उपाशी.

आमच्याकडे बोर्डिंग नाही. साडेपाच तासांची शाळा आहे, तीही दोन पाळ्यांत. वर्षातून एकदा ५ सप्टेंबरला स्वयंशासन दिन असतो. दहावीच्या मुली अम्मीच्या साड्या नेसून येतात, एक मुलगा मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसतो, फोटो निघतात. खरं सांगू, मला तो दिवस फार आवडत नाही. नाटक जास्त असतं. पण एका वर्षी पाचवीवर दोन तास घेऊन आलेली मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "टीचर, गला बैठ गया. आप रोज कैसे करते?" त्या दोन तासांत ती जे शिकली ते कुठल्याच शपथेत नव्हतं. त्यावरून सुचलं की हे एका दिवसाचं न ठेवता थोडं पसरवता येईल.

म्हणून निवडणुकीनंतरचे सहा शनिवार. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. सुटल्यावर दीड तास निवडून आलेली सगळी मुलं थांबतात. सुरुवातीला सहकारी हसले, "मॅडम लीडर की फॅक्टरी खोल रहे." मुख्याध्यापकांनी मात्र एक खोली दिली आणि पालकांची लेखी परवानगी घ्या म्हणाले. हे दुसरं मला सुचलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी आम्ही चालत जातो. शाळेपासून हर्सूल तलावापर्यंत. एका मुलाला किंवा मुलीला म्हणायचं, तू पुढे, सगळ्यांना तलावावर पोहोचवायचं. पहिल्या वर्षी शिस्तमंत्री पुढे होता. शर्यतीत असल्यासारखा निघाला. जळगाव रोडला ट्रक, रिक्षा, अजिंठ्याकडे जाणाऱ्या बस, सगळं अंगावर येतं. रांगेचं डोकं रस्ता ओलांडून गेलं आणि शेपूट अलीकडेच राहिलं. त्यात एक मुलगी होती, तिचा एक पाय अधू आहे. ती ट्रकच्या हॉर्नने घाबरून उभीच राहिली. मी मागे होते म्हणून बरं. तलावाच्या काठावर बसल्यावर शिस्तमंत्र्याला विचारलं, "कितने बच्चे लाया?" त्याने मोजले नव्हते. निघतानाही नाही, पोहोचल्यावरही नाही.

तिथे मी त्यांना हजरत मुआज यांचा किस्सा सांगितला. आमच्या वाचकांपैकी अनेकांना तो माहीत असेल, इतरांसाठी थोडक्यात सांगते. मुआज इशाची, म्हणजे रात्रीची नमाज पढवत होते आणि त्यांनी कुरआनातली फार लांब सूरह सुरू केली. मागे दिवसभर राबून आलेला एक माणूस होता. त्याला उभं राहवेना, तो रांगेतून बाजूला झाला आणि एकट्याने नमाज पढून निघून गेला. गोष्ट पैगंबर साहेबांपर्यंत गेली. त्यांनी रागावले ते त्या मजुराला नाही, मुआजना. तुमच्या मागे म्हातारे असतात, आजारी असतात, कामाला जाणारे असतात, छोटी सूरह पढत जा. मुलांना हा किस्सा दीनियातच्या तासाला ठाऊक होता. तो रस्ता ओलांडायलाही लागू पडतो हे मात्र त्यांना त्या दिवशी तलावावर समजलं. परत येताना शिस्तमंत्री आपणहून सगळ्यांच्या मागे गेला आणि अधू पायाच्या मुलीला पुढे चालायला सांगितलं. तिच्या चालीने आम्ही सगळे आलो. पंधरा मिनिटं जास्त लागली.

दुसऱ्या शनिवारी बैठक चालवायची असते. अध्यक्ष, विषय, कोण आधी बोलणार, इतिवृत्त कोण लिहिणार. इथे मी आमच्याकडचा आणखी एक शब्द वापरते, लुक्मा. लुक्मा म्हणजे घास. पण जमातीच्या नमाजात इमाम तिलावत करताना अडकला किंवा चुकला तर मागे उभा असलेला कुणीही त्याला बरोबर शब्द सांगतो, त्यालाही लुक्मा देणं म्हणतात. इमाम तो घेतो आणि पुढे जातो. नमाज थांबत नाही, इमामाचा अपमान होत नाही, सांगणाऱ्यालाही कुणी उद्धट म्हणत नाही. मी बैठकीच्या अध्यक्षाला गुपचूप सांगून ठेवते की तीन चुका मुद्दाम कर. बाकीच्यांनी त्या पकडून लुक्मा द्यायचा, आवाज न चढवता. वाटतं तेवढं हे सोपं नाही. पहिल्यांदा सगळे गप्प बसतात, कारण मॉनिटरला टोकलं की नाव लिहिलं जातं हे अंगात मुरलेलं असतं. नंतर एकदम सगळे ओरडतात. एकदा एका मुलाने तोंड वाकडं केलं, "लडकी लुक्मा देगी क्या?" इतिवृत्त लिहिणारी मुलगी मान वर न करता म्हणाली, "बोल, बोल. यही लिख रई मैं." सगळी खोली हसली, तोही हसला. त्या मुलीला पुढे दोन वर्षं मुलांनी भरभरून मतं दिली.

तिसरा आणि चौथा शनिवार मराठीचा. घरी दखनी, शाळेत उर्दू, आणि दाराबाहेरचा सगळा कारभार मराठीत, असं आमच्या मुलांचं जगणं आहे. बोलायला ती घाबरत नाहीत, बाजारात त्यांची मराठी फर्राटेदार चालते. पण अर्ज लिहायचा म्हटलं की हात थांबतो. दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्रलेखन येतं म्हणून आम्ही ते गाईडमधून पाठ करून घेतो, गुणही मिळतात, आणि ते पत्र कधी कुठेच पोहोचत नाही. म्हणून मी ठरवलं, मंत्रिमंडळाने वर्षातून निदान एक खरा अर्ज लिहायचा आणि स्वतः नेऊन द्यायचा. ज्याला आपलं म्हणणं ज्याच्यापुढे मांडायचं त्याच्या भाषेत मांडता येत नाही, त्याने नुसता बिल्ला मिरवावा. माझे काही उर्दूवाले मित्र या वाक्यावर नाराज होतील. होऊ देत, मी उर्दूही तेवढ्याच प्रेमाने शिकवते.

पाचव्या शनिवारी हिशेब. दोनशे रुपये देतो, त्यातून वर्गासाठी झाडू, डस्टर, खडू आणायचे, पावत्या चिकटवायच्या. यावर लिहिण्यासारखं फार नाही. पैसे नेहमी कमी पडतात आणि एक पावती नेहमी हरवते.

सहावा शनिवार आधी नव्हता. तो दोन वर्षांपूर्वी आला, आणि त्याची गोष्ट वहीच्या गोष्टीइतकीच अवघड आहे.

नववीची मॉनिटर होती एक. शनिवारी सगळ्यात पुढे बसणारी, सगळं टिपून घेणारी. ईदच्या सुट्टीआधी तिचे चाचणीचे गुण एकदम घसरले. डोळ्यांखाली काळं आलेलं. दोनदा विचारलं, कुछ नई टीचर म्हणाली. तिसऱ्यांदा मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात तिला पुस्तकांना नंबर घालायच्या निमित्ताने बसवलं, तेव्हा ती रडली. तिच्या मैत्रिणीचा निकाह ठरला होता. मैत्रीण पंधरा वर्षांची. तिने कसम घातली होती, कुणाला सांगायचं नाही. मॉनिटरने बारा दिवस ते एकटीने पोटात ठेवलं. मधे एकदा एकटीच त्या घरी जाऊन मैत्रिणीच्या अम्मीला म्हणाली होती, खाला, उसको पढने दो. खालाने तिला दारातूनच परत पाठवलं. तिच्या स्वतःच्या घरी कळलं तर तिथेही ओरडा बसला, दुसऱ्यांच्या घरात नाक कशाला खुपसतेस?

मी म्हणाले, "पहिल्याच दिवशी मला का नाही सांगितलंस?"

"टीचर, मैं मॉनिटर हूं ना. आपनेच बोला था, मेरे क्लास की जिम्मेदारी मेरी."

हो, मीच म्हणाले होते. पाच शनिवार जबाबदारी, जबाबदारी करत राहिले, आणि ती कुठे संपते हे एकदाही सांगितलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीने एका कुटुंबाचा फैसला आपल्या खांद्यावर घेतला, कारण तिच्या छातीवर बिल्ला होता.

मुख्याध्यापक, मी आणि त्या भागातल्या अंगणवाडीताई त्याच दिवशी त्या घरी गेलो, १०९८ वरही कळवलं. २००६ चा कायदा समजावून सांगितला. घरचे आधी चिडले, मग वडील गप्प झाले. पाच मुली, भाड्याची खोली, पहिलीचं उरकलं की पुढचं बघता येईल असा सरळ हिशेब होता. शेवटी अधिकाऱ्यांसमोर हमीपत्र लिहिलं गेलं आणि तारीख रद्द झाली. जे वाचक याला एका समाजाचा प्रश्न समजत असतील त्यांना इथे थांबवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि आपल्या मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण याच्या दुपटीच्या आसपास आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना विचारा.

माझी चूक मात्र एवढ्यावर थांबली नाही. त्या घरात बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं, "क्लास की बच्चियां परेशान हैं." कोणती बच्ची, हे ओळखायला खालाला क्षणही लागला नाही. मैत्रीण परत शाळेत आली, शेवटच्या बाकावर बसली आणि मॉनिटरशी दहावी संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. कसम तोडी तूने, एवढंच एकदा म्हणाली. दोघी एसएससी पास झाल्या. निकालाच्या दिवशी दोघी दोन वेगवेगळ्या वेळी मार्कशीट घ्यायला आल्या.

सहाव्या शनिवारी आता आम्ही एवढंच करतो. कोणती गोष्ट तुझी, कोणती टीचरची, आणि कोणती आजच्या आज सांगायची, कसम घातली असली तरी. बाक कुणी तोडला, डबा कुणी खाल्ला, हे तुम्ही सोडवा. कुणी सारखं रडतंय, जेवत नाही, शाळेत येणं बंद झालंय, हे टीचरला. आणि कुणाला कुणी हात लावला, धमकावलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी जीव द्यायची भाषा केली, ते त्याच दिवशी, त्याच तासाला, मला नाही सापडले तर मुख्याध्यापकांना, नाहीतर १०९८ ला. सांगितलं की तुझं काम संपलं, त्या घरी जायचं नाही. मुलांना हे पटायला वेळ लागतो, सांगणं म्हणजे चुगली असं त्यांना वाटतं. मग मी त्यांना कायद्यातली गोष्ट सांगते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, संस्थेचा प्रमुख असेल तर जास्तच. मूल मात्र त्या शिक्षेतून वगळलेलं आहे. म्हणजे कायद्यानेसुद्धा हे ओझं मोठ्यांच्या पाठीवर ठेवलंय. आणि मुलांना मी वचन देते की सांगणाऱ्याचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही. हे वचन मी का देते, ते मी त्यांना सांगत नाही.

पालकांची भीती वेगळीच असते. 'लीडर' हा शब्द ऐकला की आमच्या मोहल्ल्यातल्या आया दचकतात. "मॅडम, मेरे बच्चे को नेतागिरी नक्को." त्यांचं चुकत नाही. पोरगा पुढे झाला की पहिला तोच धरला जातो, ही भीती त्यांनी कुठून उचलली ते मला ठाऊक आहे. कधी मी त्यांना युसूफ मेहरअलींबद्दल सांगते. मुंबईचा हा तरुण १९२८ मध्ये सायमन कमिशनच्या विरोधात उतरला तेव्हा पंचविशीतला होता, पुढे मुंबईचा महापौर झाला. पण खरं तर आयांना त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो मुलगा घरी येऊन धाकट्या भावंडांना रस्ता ओलांडताना मोजायला लागला की. एका अम्मीने मला हे सांगितलं, हसत हसत. तीन भावंडं आहेत, तरी रोज मोजतो.

रस्त्यावरून आठवलं. यंदाच्या मंत्रिमंडळाने पहिल्या शनिवारच्या चालण्यानंतर शाळेसमोर गतिरोधकासाठी अर्ज करायचं ठरवलं. आठवीच्या मुलींनी मसुदा केला, मी फक्त वेलांट्या बघितल्या. तिघी जणी शिपाईमामांबरोबर जाऊन देऊन आल्या, पोच घेतली, पोचेवर शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून परत मारून घेतला. दीड महिना झाला, काही झालं नाही. परवा त्या स्मरणपत्र लिहायला बसल्या. नाव लिहायच्या जुन्या वहीच्या जागी आता एक वेगळी वही असते, तिच्यात तीन रकाने, काय झालं, कुणाला सांगितलं, कधी. तिच्यात त्या पोचेचा नंबर शोधत होत्या.

"टीचर," एकीने विचारलं, "ये 'पाठपुरावा' को उर्दू में क्या बोलते?"

"पैरवी."

तिने वहीच्या समासात दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, एक डावीकडून, एक उजवीकडून. मग म्हणाली, "इसका जवाब नई आया तो अगला कब देना? पंधरा दिन में या मैना भर में?"

पंधरा दिवस ठरले. तारीख तिसऱ्या रकान्यात आहे.